दुसऱ्याच्या बुकिंगवरची सुट्टी

फेब्रुवारीत सूर्यकांतची नोकरी गेली आणि मार्च उजाडेपर्यंत घरातला एकेक दिवा त्याच्या नजरेखाली आला. बाथरूममधून कोणी बाहेर पडलं की मागोमाग हा आत जाऊन स्विच बंद करून यायचा. हीटिंगचा थर्मोस्टॅट अठरावर आला. ग्रोसरीसाठी तीन दुकानांची पत्रकं डायनिंग टेबलवर पसरायची, आणि दूध एकीकडून, कांदे दुसरीकडून, असा शनिवार जायचा. अकरा वर्षं ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या एकाच कंपनीत सर्किट बोर्ड डिझाइन करणारा माणूस. रिकामं बसणं त्याला जमेना, म्हणून पैसे वाचवणं हीच त्याने नवी नोकरी धरली होती.

चित्राला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. कांदे कुठूनही आले तरी चिरायचे तिलाच होते. पण मे महिन्यात त्याने जाहीर केलं, "या वर्षी सुट्टीबिट्टी नाही. बॅकयार्डमध्ये तंबू ठोकू. मजा येईल," तेव्हा मुलांची उतरलेली तोंडं तिला बघवेनात.

दर जुलैत एक आठवडा कुठल्यातरी तळ्याकाठच्या हॉलिडे पार्कमध्ये राहायला ट्रेलर भाड्याने घ्यायचा, ही त्यांच्या घरची रीत होती. भारतात जायचं तर चार तिकिटांमध्ये वर्षाची बचत संपते, त्यामुळे मुलांच्या लेखी सुट्टी म्हणजे हाच आठवडा. आठ वर्षांचा परीक्षित तर जूनपासून बोटांवर दिवस मोजायचा.

"अवर बॅकयार्ड इज लाइक, ट्वेल्व्ह फीट," तेरा वर्षांची ऊर्मी म्हणाली होती. "मी तंबूतून पाय बाहेर काढला तर तो शेजाऱ्यांकडे जाईल."

वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिने मराठीत म्हटला, म्हणजे मामला गंभीर होता.

"निदान दोन रात्री जाऊ रे," चित्राने रात्री भांडी लावताना विषय काढून पाहिला.

"आत्ता नाही, चित्रा," सूर्यकांत म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. पण त्या आवाजापुढे पुढचं वाक्य ठेवायला जागाच उरली नव्हती.

चित्रा एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. तिथे तिचा निम्मा दिवस एकाच कामात जायचा: कोणी आयत्या वेळी अपॉइंटमेंट रद्द केली की ती जागा भरायची. रिकामी खुर्ची म्हणजे डॉक्टरचं नुकसान. म्हणून तिच्याकडे एक यादी असायची, 'केव्हाही बोलवा, लगेच येतो' म्हणणाऱ्या लोकांची. जूनमध्ये एकदा रूट कॅनालचा पेशंट घाबरून पळाला आणि तिने यादीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला. ते वीस मिनिटांत हजर. त्यांची टोपी खुंटीला लावता लावता चित्राच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हॉलिडे पार्कवाल्यांकडेही लोक रद्द करत असतीलच की!

लंचच्या सुट्टीत तिने गाडीत बसून पाच पार्कना फोन लावले. चार ठिकाणी 'वेबसाइटवर बघा' असं उत्तर मिळालं. पाचव्या ठिकाणी फोन उचलला डोरीन नावाच्या मालकिणीने. ओटावापासून दोन तासांवर, एका तळ्याकाठी तिचा 'लून बे' नावाचा पार्क होता.

"मीही तुमच्यासारखीच फोनवर बसते," चित्रा तिला म्हणाली. "दात आणि ट्रेलर, एवढाच फरक. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मला रजा आहे. कोणी आयत्या वेळी रद्द केलं तर मला सांगा. पाच तासांत आम्ही चौघं तुमच्या दारात असू. पण दर मात्र मला आयत्या वेळेचा लावा."

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "बाई, चाळीस वर्षांत हे मला कोणी सुचवलं नाही. नंबर सांग."

त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. टोरोंटोच्या एका कुटुंबातल्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या. त्यांनी भरलेला ॲडव्हान्स नियमाप्रमाणे डोरीनकडेच राहणार होता, त्यामुळे साइट नंबर बावीस, अगदी पाण्यालगतचा ट्रेलर, शुक्रवारपर्यंत चार रात्री ती निम्म्याहून कमी भाड्यात द्यायला तयार होती. साडेअकराशेच्या जागी पाचशे डॉलर. चित्राने आपल्या कार्डावर पैसे भरून टाकले. क्लिनिकमध्ये जादा शनिवार काम करून साठवलेले पैसे होते ते. मग ती फोन हातात धरून किचनमध्ये उभी राहिली, आणि बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर बसलेल्या नवऱ्याला काय सांगायचं याचा विचार करू लागली.

निम्मं भाडं म्हटलं तरी तो 'आत्ता नाही' म्हणणार. त्याच आवाजात. आणि पाच तासांतली दहा मिनिटं तर गेलीसुद्धा.

"सूर्या!" ती जिन्यावरून ओरडली. "अरे, आपल्याला लॉटरी लागली!"

तो धावत वर आला. "काय? किती?"

"म्हणजे पैशांची नाही. ग्रोसरीच्या दुकानात ड्रॉ होता ना, मी फॉर्म भरला होता. आपला नंबर आला! चार रात्री, लेकवरचा ट्रेलर. आजपासून. आजच जायचं, नाहीतर दुसऱ्याला देतील."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कान गरम झाले. पण सूर्यकांतचं तिच्या कानांकडे लक्षच नव्हतं. त्याने तिला उचललंच. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि शेवटचं कधी उचललं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"फुकट?" तो म्हणाला. "टॅक्ससकट?"

"सगळं धरून."

मग घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. सूर्यकांतच्या अंगात वारं शिरलं होतं. पार्कवाले चादरींचे वेगळे पैसे लावतात म्हणून घरच्या चादरी घेतल्या. फ्रीझरमधला राजमा, इडलीचं पीठ, कुकर, तिखटामिठाचे डबे कूलरमध्ये आणि खोक्यांत बसले. ऊर्मीला गाडीतून लायब्ररीत नेऊन तिच्या कार्डावर मासे पकडायचे दोन गळ आणले. पुस्तकांसारखे तेही उसने मिळतात हे त्याला मार्चमध्येच कळलं होतं. शेकोटीसाठी लाकडंही घेऊ म्हणाला, तर परीक्षितनेच त्याला अडवलं. "नो, बाबा! लाकडातून बग्ज जातात. टीचरने सांगितलंय, तिथलीच घ्यायची."

बारा वाजता गाडी निघाली. हायवेवर सूर्यकांत शीळ घालत होता. चित्राने फेब्रुवारीनंतर ती पहिल्यांदा ऐकली, आणि 'सांगू नंतर' म्हणत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर खरं, पण साइट बावीसवरचा हा ट्रेलर पंधरा-वीस वर्षं जागचा हलला नव्हता. चाकं गवतात रुतलेली, पुढे लाकडी डेक, आणि डेकवरून वीस पावलं टाकली की पाणी. आत दोन बंक, एक डबल बेड, आणि टेबल दुमडलं की आणखी एक पलंग. परीक्षितने आल्या आल्या वरचा बंक पटकावला. ऑफिसमध्ये चेक-इन करायला चित्रा एकटीच पळाली होती. "तुम्ही सामान काढा, मी येते सही करून," असं म्हणून.

पहिले दोन दिवस मजेत गेले. सकाळी डेकवर इडल्या, दुपारी पोहणं, संध्याकाळी पाण्यावरून येणारा तो लून पक्ष्याचा हुंकार. ऊर्मीने फोन आत ठेवून दिला, कारण नेटवर्क फक्त वॉशरूमच्या मागे यायचं आणि तिथे डास होते. परीक्षितने एक तळहाताएवढा मासा पकडला, त्याचं नाव ठेवलं, आणि रडत रडत सोडून दिला.

चित्राला त्रास एकाच गोष्टीचा होता. सूर्यकांत सगळ्यांना सांगत सुटला होता.

"वुई वन इट!" समोरून कुत्रं घेऊन जाणाऱ्या आजोबांना तो सांगे. "फर्स्ट टाइम इन माय लाइफ!" पोहायला आलेल्या बाईंना सांगून झालं, आइस्क्रीमच्या खिडकीतल्या मुलीलाही सांगून झालं. आणि शेजारच्या साइट तेवीसवर मिसिसागाचा राजन नायर सहकुटुंब उतरला होता, त्याला तर अथपासून इतिपर्यंत.

"भाईसाब, कौनसा ड्रॉ था?" राजनने कान टवकारले. तोही मुलांच्या सुट्टीत पूर्ण भाडं मोजून आलेला. "कौनसे स्टोअर में?"

"चित्रा! कुठलं दुकान गं?"

"अरे... ते, आपलं नेहमीचं," चित्रा म्हणाली आणि कुकर बघायला आत गेली. कुकर गॅसवर ठेवलेलाच नव्हता.

बुधवारी दुपारी सगळे डेकवर राजमा-भात जेवत होते. डोरीनची गोल्फ कार्ट खडीवरून खडखडत आली आणि डेकपाशी थांबली. सत्तरीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पोरांसारखी बेसबॉल कॅप.

"चित्रा," ती म्हणाली, "हा ड्रॉ काय प्रकार आहे? सकाळपासून तीन जण ऑफिसात येऊन विचारून गेले. तो तेवीसवाला तर म्हणतो, मलाही फॉर्म दे. माझ्या पार्कचा कुठलाही ड्रॉ नाही, मी कधी काढला नाही. तुला तर मी रद्द झालेल्या बुकिंगचा रेट दिला. तू पैसे भरलेस."

ऊर्मीचा घास वाटीतच राहिला.

"माझीच चूक," चित्रा इंग्रजीत म्हणाली. "मी घरच्यांना तसं सांगितलं होतं."

डोरीनने सूर्यकांतकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षं कुटुंबांच्या सुट्ट्या बघितलेली ती बाई "मला पंप बघायचाय" म्हणून निघून गेली.

सूर्यकांत उठला. त्याने ताट सिंकमध्ये ठेवलं, चपला घातल्या आणि तो सरळ पाण्याकडे चालू लागला. धक्क्याला पार्कच्या पेडल बोटी बांधलेल्या होत्या, दोघांनी शेजारी बसून सायकलसारख्या चालवायच्या. त्याने एकीची दोरी सोडली आणि लाइफ जॅकेट चढवून तो आत बसला. त्याच्या वजनाने बोट एका अंगाला कलली.

"डॅड इज रनिंग अवे इन अ पेडल बोट," ऊर्मी हळूच म्हणाली. "दॅट्स द स्लोएस्ट वे."

चित्रा पळत गेली. बोट धक्क्यापासून हातभर सुटली असेल नसेल, तिने जॅकेट ओढून घेतलं आणि उडी मारली. बोट जोरात हिंदकळली, दोघांचे पाय घोट्यापर्यंत भिजले, पण कलणं मात्र थांबलं.

तो पेडल मारत राहिला. तीही मारू लागली. पायांखाली पाण्याचा चळक चळक आवाज.

"सूर्या, तुझे पैसे नाही घेतले. माझ्या शनिवारांचे होते."

"पैशांचं बोलतंय कोण?"

"मग?"

त्याने पाय थांबवले. बोट वाऱ्यावर हळूहळू वळू लागली.

"मी सगळ्या पार्कला सांगत फिरलो, चित्रा. त्या आइस्क्रीमवालीला सांगितलं. आणि तुला माहीत होतं की तसं काही नाही. तू ऐकत होतीस."

"सांगणार होते. तू शीळ घालत होतास रे. मग ते तसंच राहिलं."

"फेब्रुवारीतली गोष्ट मी तुला पुरती सांगितली नाही," तो म्हणाला. पाण्याकडे बघतच. "मंगळवारी दहाला त्यांनी मला मीटिंगला बोलवलं. पण सकाळी मी कॉफी घ्यायला गेलो ना, तेव्हा आमच्या टीममधला चारुदत्त तिथे होता. माझ्याशी नजरच मिळवेना. रिसेप्शनवाली मुलगी उगाच गोड बोलली. मला काढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी नऊ ते दहा तासभर त्यांनाच पुढच्या महिन्याचं डिझाइन समजावून सांगत बसलो होतो, आणि ते मान हलवत होते. नोकरी गेल्याचं सोड. तो एक तास माझ्या डोक्यातून जात नाही." त्याने पायाशी साचलेलं पाणी ओंजळीने बाहेर टाकलं. "आज जेवताना तसंच वाटलं."

चित्रानेही पाय थांबवले. पाच महिने ती या माणसाच्या मागे दिवे लावत आणि तो ते विझवत फिरला होता, आणि हा तास त्याने आत ठेवलेला.

"मला असं काही मनातसुद्धा आलं नाही रे," ती म्हणाली. "मला एवढंच वाटलं, की तू नाही म्हणशील."

"म्हणालोच असतो."

"मग?"

"मग तू भांडायचं. नागपूरची आहेस ना? लग्नाआधी हॉलच्या डेकोरेशनवरून माझ्या मामाशी भांडली होतीस. माझ्याशी काहून नाही भांडत?"

"तू हल्ली भांडण्यासारखा दिसतच नाहीस."

हे तिच्या तोंडून निसटलं आणि तिला वाटलं, झालं, आता आणखी दुखावला. पण त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि आधी नाकातून, मग तोंडातून हसू फुटलं त्याला. "इतका बिचारा दिसतो?"

"थर्मोस्टॅटपाशी उभा राहिलास की दिसतोस."

"बरं. यापुढे वाईट असो, चांगलं असो, मला आधी सांगायचं. मीही सांगीन. कबूल?"

"कबूल. आणि सॉरी. खरंच."

एवढं होईपर्यंत वाऱ्याने त्यांना पलीकडच्या काठच्या उंच पाणगवतात नेऊन घातलं होतं. पेडल मारलं तर पात्याला गवत गुंडाळलं जाई. दूर धक्क्यावर ऊर्मी आणि परीक्षित हात हलवत होते, आणि त्यांच्याशेजारी राजन दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडत होता, "रिवर्स! भाईसाब, रिवर्स मारो!"

त्यांनी उलटं पेडल मारलं. सूर्यकांतने गुडघाभर चिखलात उतरून गवत उपटलं, चित्राने दुसऱ्या बाजूने. तिची एक चप्पल तळ्याला अर्पण झाली. अर्ध्या तासाने बोट मोकळी झाली, तेव्हा दोघं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते आणि कुणाचं पेडल आधी पडतंय यावरून खऱ्या अर्थाने भांडत होते.

परत येता येता सूर्यकांतने विचारलं, "किती पडले एकूण?"

"पाचशे."

त्याचे पाय थांबले. "पाचशे? या जागेला? पाण्यालगत, जुलैत? कसं काय?"

तिने सगळं सांगितलं. रूट कॅनाल, टोपीवाले आजोबा, पाच फोन, डोरीनचं हसू. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उजळत गेला. फुकट मिळालं तर नशीब, पण असं मिळवणं म्हणजे डोकं! या माणसाने पाच महिने कांद्यावर चाळीस सेंट वाचवले होते, आणि त्याच्या बायकोने एका फोनवर साडेसहाशे डॉलर.

धक्क्याला लागल्याबरोबर तो राजनकडे गेला आणि हिंदीत सांगू लागला. "राजनभाई, मी खोटं बोललो. म्हणजे मला माहीत नव्हतं. ड्रॉबिड्रॉ काही नाही. माझ्या बायकोने मिळवलंय हे." आणि चिखलाच्या पायांनी उभ्या उभ्या त्याने ती सगळी कथा पुन्हा सांगितली, आवाजात मघापेक्षा दुप्पट अभिमान. त्या संध्याकाळी आइस्क्रीमच्या खिडकीतल्या मुलीलाही त्याने जाऊन दुरुस्ती कळवली. राजन मात्र शेकोटीपाशी बोटांवर हिशेब करत बसला होता. मग त्याने बायकोला विचारलं, "हमने कितना दिया था?" आणि तिचं उत्तर ऐकून त्याने आणखी एक लाकूड आगीत टाकलं.

शुक्रवारी सकाळी आवरून निघाले. परतीच्या वाटेवर एका वळणावर चिप ट्रक उभा होता, गरम बटाट्याच्या काड्या आणि त्यांवर चीज-ग्रेव्ही घालून केलेलं पुटिन विकणारी ती जुनाट गाडी. फेब्रुवारीपासून ते अशा ठिकाणी थांबले नव्हते. सूर्यकांतने स्वतःहून गाडी कडेला घेतली. नेटवर्क आलं तसा त्याचा फोन वाजला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वी मुलाखत दिलेल्या कंपनीची मेल होती. एरवी तो असल्या मेल बेसमेंटमध्ये, दार लावून वाचायचा.

त्याने फोन मागे ऊर्मीकडे दिला. "मोठ्याने वाच."

"आर यू शुअर?"

"वाच. सगळ्यांना एकदमच कळू दे."

ऊर्मीने वाचलं. थँक यू होतं, इम्प्रेस्ड होतं, आणि मग तिचा आवाज बारीक झाला, "वुई रिग्रेट..." पुढचं तिने कसंबसं संपवलं. चित्राने नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच्या चपलेला अजून तळ्याचा वाळलेला चिखल होता.

"सो," परीक्षितने विचारलं, "कॅन वुई स्टिल गेट पुटिन?"

सूर्यकांतने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. मग सीटबेल्ट सोडला.

"लार्ज," तो म्हणाला. "दोन."

नोकरी त्याला सप्टेंबरच्या शेवटी लागली, ग्वेल्फ शहरातल्या एका कंपनीची, घरून करायची, पगार थोडा कमी. पण ते नंतरचं. त्या दुपारी चौघं ट्रकशेजारच्या डुगडुगत्या बाकावर बसले, ग्रेव्हीत भिजलेले बटाटे खात, आणि शेवटची चीजची तार कोणी घ्यायची यावरून चारही काटे एकाच डब्यात अडकले.